ओर्वियातला म्हातारा

पौडच्या बाजारात अजूनही कुणीतरी मला थांबवून विचारतं, "तांबोळीबाई, त्या कालिजात तुमी काय शिकवायच्या वो?" मी काहीच शिकवत नव्हते. शिकवणारे वेगळे होते. मी एकोणीस वर्षं विद्यार्थ्यांचं अभ्यासमंडळ चालवलं. हे सांगितलं की समोरचा मान डोलावतो आणि म्हणतो, "म्हंजी चहापानी." चहापाणी होतंच, पण तेवढंच असतं तर माझे केस इतक्या लवकर पिकले नसते.

दिवाळी अंकाचे संपादक फोनवर म्हणाले, "बाई, नोकरीतल्या गमतीजमती लिहा." दोन-तीन गमती आहेत, त्या आधी देऊन टाकते. त्यानंतर जे लिहायचंय त्यात गंमत नाही, आणि ते मी आजवर कुणाला सलग सांगितलेलं नाही.

पिरंगुट ओलांडल्यावर डोंगराच्या पायथ्याशी आमची निवासी संस्था आहे. नाव लिहीत नाही. तिचं मीठ खाल्लंय. तिथे आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा विभाग होता. हा अभ्यास म्हणजे काय, ते मी माझ्या कापडदुकानदार भावाला एका दमात समजावलं होतं. देशादेशांतली भाऊबंदकी. बांध कुणी कोरला, पाणी कुणी अडवलं, कोण कुणाच्या लग्नाला गेलं नाही. फक्त इथे बांधाला सीमा म्हणतात आणि रुसव्याफुगव्यांना राजशिष्टाचार. भाऊ म्हणाला, "मग त्यासाठी कॉलेज कशाला? पौडात बसून कळतं की."

विभागातल्या ज्या मुलांना परीक्षेपलीकडे काही शोधायची हौस, त्यांचं मंडळ. तीस-चाळीस मुलं, त्यातली निम्मी परदेशातली. दर बुधवारी दुपारी एकाने आपला निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी तो फाडून खायचा. खोल्या मिळवणं, निबंध वेळेत काढून घेणं, कुणाचा अपमान झाला ते ओळखणं, कोण रात्रभर रडलंय ते सकाळी डोळ्यांवरून ताडणं, ही माझी कामं. आमचे दोन नियम होते आणि ते मी स्वतःच्या अक्षरात लिहून टेबलाच्या वर चिकटवले होते. पहिला: दोघांच्या शेऱ्याशिवाय एकही कागद मंडळाबाहेर जाणार नाही. शेरा देणाऱ्याला लिहिणाऱ्याचं नाव कळू द्यायचं नाही, म्हणजे कुणी दोस्ती निभावत नाही. दुसरा: लोकांकडे आपण विचारायला जातो, सांगायला नाही. मुलाखतीआधी संमतीपत्र भरून घ्यायचं, ऐकायचं, लिहायचं, निघायचं. सल्ला द्यायचा नाही. हे नियम मोडणाऱ्या मुलांना मी असं झाडायची की पुढारी होऊ घातलेली पोरंही माझ्या खोलीबाहेर चपला काढून उभी राहायची. मला त्याचा अभिमान होता. थोडा अजूनही आहे, तीच तर पंचाईत.

दुसऱ्याच वर्षी शेजारच्या दोन देशांतली दोन मुलं नकाशावरच्या एका रेघेवरून हातघाईवर आली. एकाने दुसऱ्याच्या अंगावर आमटीची वाटी उलटी केली. तेव्हा विभागप्रमुख सरांनी तोडगा काढला की खरा देशच नको. आपण एक देश रचू आणि भांडायचं तर त्याच्यावरून भांडा. अभिजित नावाचा एक हुशार पण आळशी मुलगा आणि त्याचे चार सोबती यांना नकाशा करायला आठ दिवस दिले. नवव्या दिवशी त्यांनी भलामोठा, देखणा नकाशा आणला. डोंगरांच्या रांगा, उंचीच्या रेषा, एक लांबट सरोवर, त्यातून निघणारी नदी, राजधानी, खेडी. देशाचं नाव ओर्विया. आम्ही टाळ्या वाजवल्या, चौकट केली आणि तो मंडळाच्या खोलीत लावला.

तेव्हापासून दरवर्षी तीन दिवसांचा पेचप्रसंग व्हायचा. ओर्वियावर एक संकट आणायचं. मग कुणी मंत्रिमंडळ, कुणी विरोधक, कुणी शेजारचा देश, कुणी मदतसंस्था. अट एकच होती, संकट आभाळातून पडता कामा नये. नकाशावरचे उतार, ओढे, रस्ते, वस्त्या बघायच्या आणि इथे काय बिघडू शकतं ते शोधायचं.

पोरं त्यात इतकी शिरायची! एका वर्षी परराष्ट्रमंत्री झालेल्या मुलाने शत्रुदेश झालेल्या मुलाशी आठवडाभर अबोला धरला. दोघं राहायचे एकाच खोलीत. पंखा बंद करायचा का, हे विचारायला शेजारच्या खोलीतला मध्यस्थ बोलवायचे. आणखी एका वर्षी ओर्वियाचे पंतप्रधान वारले, तर खानावळीतल्या मावशींनी त्या दिवशी गुलाबजाम केले नाहीत. म्हणाल्या, "पोरांच्या तितं कुनीतरी गेलंय म्हनं." मी खुलासा केला नाही. मावशींनी पाळलेलं सुतक त्या पंतप्रधानाच्या वाट्याला आलेलं एकमेव खरं सुतक होतं.

गमती संपल्या.

एका वर्षी मुलांनी लिहिलं की ओर्वियाच्या पश्चिमेला, ओढ्यावरचा छोटा पूल खचेल, कारण तो बैलगाड्यांसाठी बांधलेला आणि आता त्यावरून कारखान्यांचे ट्रक जातात. त्याच पावसाळ्यात उरवड्याच्या बाजूला रस्त्याखालची एक मोरी खचली आणि एक ट्रक तिरका होऊन दोन दिवस अडकला. मी घरी जाताना तो बघितला. कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं, एवढंच.

दोन वर्षांनी मुलांनी ओर्वियाच्या नैर्ऋत्येला नवं नगर वसवलं. शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, उरलेल्या तुकड्यावर भाड्याच्या खोल्या बांधल्या आणि त्यासाठी ओढे बुजवले. मग एका दुपारी ओढे आपल्या जुन्या वाटेने परत आले. निबंधात एक वाक्य होतं: 'पाणी मागच्या दाराने आलं आणि पुढच्या दारातून चपला घेऊन गेलं.' त्या वर्षीच्या श्रावणात माणहून माझी मैत्रीण कुसुम हिचा फोन आला. जमीन दिल्यावर त्यांनी बारा खोल्या बांधल्यात, त्यात कंपन्यांतली पोरं राहतात. कुसुम हसत सांगत होती, "शमीम, अगं मागच्या मोरीतनं पाणी घुसलं आन् पोरांच्या समद्या चपला रस्त्यावर! एकाची लाल चप्पल तर पार नाक्यावर घावली." मी फोन ठेवून निबंधातलं ते वाक्य परत वाचलं. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "पाणी उतारानेच जातं, शमीमबाई. सगळीकडे." खरंच होतं.

मग क्लोदीन आली. रवांडाची, बावीस वर्षांची, हळू बोलणारी. तिचा देशही डोंगरांचा. तिने त्या वर्षीच्या पेचप्रसंगावर निबंध लिहिला तो ओर्वियातल्या कामेर नावाच्या वाडीचा. राजधानीतल्या श्रीमंतांना डोंगरात विश्रांतीची घरं हवी असतात. त्यासाठी उताराच्या कमरेत रस्ता खोदतात. मग वाडीचा झरा गढूळ होतो आणि चार हात बाजूला सरकतो. दारं चौकटीत बसेनाशी होतात, लोक ती दगड लावून मिटतात. झाडं एका बाजूला कलतात. शेवटी डोंगर येतो. चौदा घरं. आणि एका घरात एक म्हातारा, ज्याला उठता येत नाही. तो दिवसभर भिंतीला तळवा लावून असतो आणि घरच्यांना सांगतो, आज डोंगर किती बोलला.

शेरा देणारा एक मुलगा आजारी पडला म्हणून दुसरा शेरा मी दिला. निबंध कुणाचा ते मला ठाऊक होतं, म्हणजे पहिला नियम मीच वाकवला. मी लिहिलं: 'मांडणी उत्तम. म्हाताऱ्याला आधार नाही. भावनेला हात घालण्यासाठी आणलेला दिसतो. वगळावा.' क्लोदीनने निमूट वगळला. आता कामेरमध्ये चौदा घरं होती आणि म्हातारा नव्हता.

मे महिन्याच्या शेवटी खोल्यांना रंग द्यायला घेतला. रंगाऱ्यांनी ओर्वियाचा नकाशा उतरवून व्हरांड्यात टेकवला, तो खालची बाजू वर करून. सकाळचे अकरा वाजले होते. मी चहाचा कप घेऊन त्याच्यासमोरून गेले, थांबले आणि मागे आले. सरोवर डावीकडे गेलं होतं. त्यातून नदी उजवीकडे निघाली होती. तिने एक वळण घेतलं होतं आणि त्या वळणाशी, जिथे इतकी वर्षं ओर्वियाचं जकातनाकं होतं, तिथे माझं घर होतं.

मी बोट ठेवून बघितलं. मुळशीचं धरण, मुळा, पौड, पुढे पिरंगुट, उरवडे, पार वरच्या कोपऱ्यात माण. रंगारी विचारत होता, "मॅडम, पांढराच ना?" आणि मी बोट परत धरणापासून फिरवत होते.

अभिजित आता परदेशात मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याला फोन लावला. तो खो खो हसला. "मॅम, तुम्हाला आत्ता कळलं? आम्ही सात दिवस कोकणात फिरलो. आठव्या दिवशी तालुक्याचा नकाशा उलटा धरून गिरवला. नावं बदलली आणि तालुक्याचा देश केला. मला वाटलं दुसऱ्याच वर्षी कुणीतरी पकडेल." एवढ्या वर्षांत कुणी पकडलं नव्हतं. जगाच्या सीमा तोंडपाठ असलेल्या शेकडो मुलांनी तो नकाशा बघितला आणि खिडकीबाहेरचा डोंगर त्यात कुणाला दिसला नाही. मलाही नाही, आणि मी तर इथलीच.

त्या दुपारी मी सगळ्या वर्षांच्या फायली काढल्या. खचलेला पूल, बुजवलेले ओढे, सगळं आपापल्या जागी बसलं. भूतबित काही नाही, मी स्वतःला समजावलं. डोंगर खरा, ओढे खरे, उंचीच्या रेषा खऱ्या, मग पोरांचं गणित खरं ठरणारच. पण समजावून झाल्यावरही फायली बंद करवेनात. कारण इतकी वर्षं आम्ही चहा पीत त्या माणसांना मारत होतो. मृतांचा आकडा किती ठेवायचा यावर मतदान घ्यायचो. माझ्या स्वतःच्या गल्लीत आम्ही दोनदा पटकी आणली होती.

शेवटी क्लोदीनचा निबंध उघडला आणि कामेरवर बोट ठेवलं. ते रिह्याच्या खोऱ्यात, वरच्या अंगाला एका वाडीवर आलं. तिचं नाव लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी क्लोदीनला स्कूटरवर मागे बसवून मी तिकडे गेले. खाली भाताची खाचरं, मध्ये कुंपणाच्या बंगल्या आणि वर डोंगराच्या कमरेत नव्याने खोदलेला रस्ता. लाल माती अजून ओली दिसत होती, पाऊस नसताना. धुकं नव्हतं, ऊन होतं, पक्षी मात्र कुठेच ओरडत नव्हता. वाडीच्या तोंडाशी क्लोदीन उतरली आणि पुटपुटत घरं मोजू लागली. चौदाला थांबली. "मॅम," ती म्हणाली, "त्या सपाटीवर चौदाच मावतील असं मी रेषांवरून काढलं होतं." आम्ही पुढे गेलो. पहिल्या घराच्या दाराला दगड लावला होता. दुसऱ्याच्याही. साग, आंबा, सगळी झाडं खाली वाकून काहीतरी शोधत असल्यासारखी.

एका अंगणात एक म्हातारी तांदूळ पाखडत होती. हिराबाई. तिने मला निरखून बघितलं. "तांबोळ्याची लेक न्हवं तू? तुज्या बापाकडनं लुगडी आनायचो आमी. बस की. ही कुटली पोर?"

"लांबची आहे, मावशी. आफ्रिकेतली. तुमचं पाणी कसं आहे विचारायला आलो."

"पानी?" हिराबाईने सूप खाली ठेवलं. "झरा सरकलाय. पयलं हितं व्हता, आता तितं. आन् गढूळ येतंय. रस्तेवाल्याला सांगितलं, तर त्यानं वरच्या भेगंत माती भरली आन् म्हनला झालं."

तिने आत नेलं. दाराशीच खाटेवर तिचे मालक होते, दगडूबाबा. अंगावरून वारं जाऊन डावी बाजू गेलेली. उजवा हात भिंतीला, पाची बोटं पसरून. आम्हाला बघून त्यांनी हात काढला नाही. हिराबाई म्हणाली, "त्येंचं हे असंच. म्हनत्यात डोंगर बोलतो."

"आज लई बोलतोय," दगडूबाबा म्हणाले.

क्लोदीनला मराठी येत नाही. पण तिने त्या हाताकडे बघितलं आणि माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. बाहेर आल्यावर म्हणाली, "मॅम, मी यांना लिहिलं होतं." मी म्हटलं, "हो. आणि मी काढलं." मग तिने सांगितलं, तिच्या मावशीच्या गावावर डोंगर आला तेव्हा मावशीचे सासरे असेच भिंतीला हात लावून असायचे. घर हलतं ते आधी तळव्याला कळतं. म्हणजे त्यालाही कारण होतं. सगळ्यालाच कारण होतं, आणि ते कळून माझी भीती वाढतच होती.

त्याच दिवशी सरांना सगळं सांगितलं. सर वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, "विद्यार्थिनीच्या काल्पनिक निबंधावरून वाडी हलवा म्हटलं तर कोण ऐकेल? हसतील. रीतसर अहवाल करू. फोटो, मुलाखती, दोन शेरे. मग तालुक्याला देऊ." मला हे पटलं. ते मला पटलं, हेच मला या लेखात लिहायचं आहे. मी तिथून पौडला जाऊन ओळखीच्या कुणालाही नुसतं तोंडाने सांगू शकत होते. माझ्या भावाच्या दुकानात अर्धा तालुका येतो. पण मंडळाचा कच्चा कागद बाहेर जाऊ द्यायची मला लाज वाटली.

पहिला शेरा यायला दोन आठवडे लागले. देणारा मुलगा सुटीत गावी होता. त्याने लिहिलं: 'एकाच घराची साक्ष. किमान पाच घरं हवीत.' अगदी योग्य शेरा होता. मीच त्याला शिकवलेला. मी क्लोदीनला म्हटलं, "म्हातारा परत घाल." तर ती म्हणाली, "आता ते खरे आहेत, मॅम. त्यांची संमती लागेल." हेही मीच शिकवलेलं.

आषाढ लागला होता. आम्ही इंग्रजी संमतीपत्रं, शाईचा डबा आणि छत्र्या घेऊन परत गेलो. वाडी निम्मी रिकामी, माणसं खाली भाताच्या लावणीला. पाच घरं झाली. शेवटी हिराबाईकडे आलो. तिने अंगठा उठवला, कागदावर काय आहे ते न विचारता. दगडूबाबांचा डावा हात लुळा, म्हणून उजवा घ्यायचा होता आणि तो भिंतीवर. हिराबाईने समजूत घातली, "सोडा वाईच." त्यांनी सोडला. मी अंगठा कागदावर टेकवला तेव्हा ते माझ्याकडे बघत म्हणाले, "आता आयकू येत न्हाई."

"काय बाबा?"

"डोंगर. चार दिस झालं, गप हाय."

हिराबाई दारापर्यंत पोचवायला आली. पाऊस होता, तिने डोक्यावर इरलं घेतलं होतं. माझ्या पिशवीतल्या कागदांकडे बघून ती म्हणाली, "शमीम, येवढं लिवताय तर येक सांग. आमी ऱ्हायाचं का जायाचं? रिह्यात माजी भाची हाय, ती ये म्हनतीया. पन ह्येंना उचलून न्यायाचं म्हंजी चार गडी लागत्यात, आन् लावनीत गडी कुटनं आनू? तू सांगशील तर आनते कुटनंबी."

माझ्या तोंडात उत्तर होतं. जा, आजच जा, एवढंच. आणि मी जे बोलले ते माझ्या टेबलाच्या वर चिकटवलेलं होतं. मी म्हटलं, "मावशी, आम्ही फक्त अभ्यास करतो. निर्णय तुमचा तुम्ही घ्यायचा."

"बरं," हिराबाई म्हणाली.

उतारावर क्लोदीनने विचारलं, "त्यांनी काय विचारलं?" मी सांगितलं, अहवाल कधी येणार ते विचारत होत्या. मी स्कूटर सुरू केली.

पुढच्या बुधवारी दुपारी मंडळापुढे अहवाल वाचला गेला. दोन्ही शेरे अनुकूल आले होते. दगडूबाबा परत आले होते, अंगठ्यासकट, तळटिपेसकट. कुणीतरी म्हणालं, आजवरचा सगळ्यात भक्कम कागद. टाळ्या वाजल्या. मी पाठवायचं पत्र करायला टेबलाशी गेले तोच भावाचा फोन आला. "रिह्याच्या वरची ती वाडी, आपा. डोंगर आलाय." तो पुढे बोलत होता आणि मी माझ्याच अक्षरातले दोन नियम वाचत होते. मंडळाच्या खोलीतून अजून हसण्याचे आवाज येत होते.

चौदाही घरं गेली. माणसं सगळी खाली खाचरात होती, हिराबाईसुद्धा, कारण लावणीला हात कमी पडत होते. घरात एकच माणूस होता.

क्लोदीन सहा महिन्यांनी घरी परतली. ती आता डोंगरातल्या गावांना सावध करणाऱ्या कामात आहे आणि मला सणाला निरोप पाठवते. ओर्वियाचा नकाशा सरांनी स्वतः चौकटीतून काढून कपाटात ठेवला. पुढचा पेचप्रसंग झाला नाही. मी मुदतीआधी दोन वर्षं निवृत्त झाले. भाऊ म्हणतो, डोंगर यायचा तो आलाच असता. मी त्याच्याशी वाद घालत नाही.

पण डोंगर आला त्याच्या तिसऱ्या दिवशी मी खाली शाळेत गेले होते, जिथे वाडीतली माणसं ठेवली होती. वर्गात सतरंज्या होत्या, फळ्यावर अजून बेरजा होत्या. हिराबाई भिंतीशी बसली होती, कुणीतरी दिलेल्या नव्या साडीत. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. न थांबता. उलटा नकाशा, नसलेला देश, कामेर, चौदा घरं. माझ्याबरोबरची ती पोर तोवर कधी इथे आली नव्हती आणि तरी तिने तुमच्या मालकांना लिहिलं होतं, भिंतीवरच्या हातासकट. आणि मी त्यांना खोडलं, मावशी. मी खोडलं आणि ते गेले. तेव्हापासून मला झोप नाही. हे सांगताना मी रडत होते, आणि खरं सांगायचं तर त्या रडण्यात मला थोडा आधारही वाटत होता. आपल्या हातून काहीतरी अघोरी, आपल्या आवाक्याबाहेरचं घडलं, हे मानायला सोपं होतं.

हिराबाईने सगळं ऐकून घेतलं. मग पदराने माझं नाही, स्वतःचं तोंड पुसलं.

"तू खोडलं म्हून डोंगर आला व्हय?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "डोंगराला वाचता येत न्हाई, शमीम. तुला येत व्हतं."